खटका मास्तरांची मान

खटका मास्तर हे नाव पहिल्यांदा कुणी ठेवलं ते स्वतः मास्तरांनाही सांगता आलं नसतं, पण ते कशावरून पडलं हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. केस कापून झाले, मानेवरची पावडर झटकून झाली, की मास्तर गिऱ्हाइकाच्या हनुवटीखाली एक हात घालायचे, दुसरा डोक्याच्या मागे लावायचे आणि म्हणायचे, "सैल सोडा. अजून सैल." गिऱ्हाईक सैल सोडतंय न सोडतंय तोच मान एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे झटकन फिरायची. कट्, कट्. गिऱ्हाईक डोळे मिटून "आहाहा" करायचं आणि आरशातल्या मास्तरांकडे असं बघायचं, जणू त्यांनी त्याचा पुनर्जन्मच घडवून आणला.

हा उद्योग एकतीस वर्षं चालला होता. केस काय, कुणीही कापतं, असं लोक म्हणायचे. खटका मात्र मास्तरांनीच द्यावा. मास्तर वरवर "छे हो, त्यात काय," म्हणायचे, पण आतून सुखावायचे.

दुकान लहानसं होतं. दोन खुर्च्या, लांबलचक आरसा, काचेच्या कपाटात कात्र्या, वस्तरे आणि ब्रश ओळीने मांडलेले. दुसऱ्या खुर्चीवर कधी कुणाचे केस कापले जात नसत. तिथे वाट पाहणारी मंडळी पेपर वाचत बसत. पहिली खुर्ची वरखाली करायचा दांडा बारा वर्षांपूर्वी अडकला, तो अडकलाच. दुरुस्त करू, करू म्हणता म्हणता मास्तरांनी स्वतःलाच त्या खुर्चीच्या मापाचं करून घेतलं. बुटकं गिऱ्हाईक आलं की ते कमरेत वाकायचे, उंच आलं की कोपर खांद्याच्या वर नेऊन कापायचे. सगळा भार डाव्या पायावर, मान उजवीकडे कललेली. घरी जेवायला बसले तरी मान तशीच.

"अहो, ताटाकडे सरळ बघा की जरा," त्यांची बायको म्हणायची. ती जवळच्या शाळेत ग्रंथालय सांभाळायची. चुकीच्या फळीवर ठेवलेलं पुस्तक जसं तिच्या डोळ्यांना खुपायचं तशी नवऱ्याची ती वाकडी मान खुपायची.

"सरळच बघतोय. तूच तिरकी बसलीयेस."

त्या वर्षी समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर, जिथे पूर्वी टायपिंगचा क्लास चालायचा तिथे नवी पाटी लागली. निळ्या अक्षरांत लिहिलं होतं: कायरोप्रॅक्टिक क्लिनिक. मास्तरांनी दुकानाच्या दारात उभं राहून ती दोनदा वाचली.

"काय रे प्रॅक्टिक? हा काय प्रकार आहे, सर?"

सर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले भूगोलाचे सर. दर मंगळवारी दाढी आणि महिन्यातून एकदा केस, हा त्यांचा नेम होता आणि दोन्ही वेळा खटका हवाच असायचा. त्यांनी पेपर खाली केला. "मणक्यांचं आणि सांध्यांचं काहीतरी आहे. हातांनी दाबून, फिरवून बरं करतात म्हणे. मान, पाठ, कंबर. तुम्ही करता तेच, फक्त जिना चढून जायचं."

"मग कशाला जाईल कुणी तिथे?" मास्तर म्हणाले. "इथे दाढीबरोबर होतंय ते."

सर हसले, मास्तरही हसले. पण त्या दिवसापासून समोरच्या जिन्याने कोण वर जातं आणि कोण खाली येतं, यावर मास्तरांची बारीक नजर राहू लागली.

पुढे एका मंगळवारी सकाळी सरांचा उजवा गाल झाला होता आणि डाव्या गालावर साबणाचा फेस तसाच होता. कोपर लागून कपाटावरची फणी खाली पडली. मास्तर ती उचलायला वाकले आणि कमरेत कुणीतरी खिळा ठोकावा तशी कळ आली. ते तिथेच थांबले. ना खाली जाता येईना, ना वर येता येईना. एक हात खुर्चीच्या पाठीवर, दुसरा हवेत.

"काय हो, सापडली नाही का?" सरांनी आरशात बघत विचारलं. आरशात मास्तर दिसतच नव्हते.

"सर... मी अडकलोय."

सर फेसासकट उठले. त्यांनी मास्तरांना धरून दुसऱ्या खुर्चीवर कसंबसं टेकवलं आणि ग्रंथालयात फोन लावला. बायको येईपर्यंत सरांनी राहिलेला गाल स्वतःच उरकायला घेतला. मास्तर वाकलेल्या अवस्थेतही गप्प बसेनात. "सर, कानाजवळ उलटा हात मारू नका. कातडं ताणून धरा. अहो, तो वस्तरा आहे, खडू नाही!"

बायको आली. तिने नवऱ्याकडे एकदा पाहिलं, समोरच्या पाटीकडे एकदा पाहिलं आणि पाटीवरच्या नंबरवर फोन केला.

"मी तिथे जाणार नाही," मास्तर म्हणाले.

"तुम्ही सध्या कुठेच जाऊ शकत नाही आहात," ती म्हणाली आणि फोनवर बोलू लागली. पलीकडून स्वागतिका एकेक प्रश्न विचारत होती आणि ही दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात तो पुढे ढकलत होती. "अहो, पडलाबिडला होता का? ताप आहे का? पायातली ताकद गेल्यासारखी वाटते का? मांड्यांच्या मधे बधिर झालंय का? लघवीवर ताबा आहे का विचारतायत!"

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. "आहे म्हणावं. सध्या तेवढाच आहे."

"नाही, तसलं काही नाही," ती फोनवर म्हणाली. थोडं ऐकून घेतलं, मान डोलावली. फोन ठेवून म्हणाली, "यातलं एक जरी असतं तरी इकडे येऊ नका, थेट मोठ्या हॉस्पिटलात जा म्हणत होती. नाहीये, तर चार वाजता या. सैल कपडे घाला. ज्या गोळ्या घेता त्यांची यादी आणि जुने रिपोर्ट बरोबर आणा."

चार वाजता मास्तर एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने बायकोचा खांदा धरून तो जिना चढले. सोळा पायऱ्या. प्रत्येक पायरीवर त्यांना वाटत होतं, अख्खी गल्ली आपल्यालाच बघतेय.

डॉक्टर चाळिशीच्या आसपासची, बेताच्या उंचीची बाई निघाली. मास्तरांनी कल्पना केली होती ती दंडात बेटकुळ्या असलेल्या पैलवानाची. तिने आधी स्वतःबद्दल सांगितलं. "मी कायरोप्रॅक्टर आहे. मी गोळ्या लिहून देत नाही, ऑपरेशन करत नाही. सांधे, स्नायू, मणके यांची तपासणी करते आणि हातांनी उपचार करते. तपासल्यावर वाटलं की हे माझं काम नाही, तर तसं स्पष्ट सांगेन आणि योग्य ठिकाणी पाठवेन. चालेल?"

मास्तर म्हणाले, "चालेल. चालता आलं की चालेल."

मग प्रश्न सुरू झाले. दुखणं कधीपासून, कुठून कुठे जातं, झोपेतून उठवतं का. पूर्वी हाड मोडलंय का, कसलं ऑपरेशन झालंय का. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. रक्तदाब किती असतो. चक्कर येते का, अचानक वजन उतरलंय का, हाडं ठिसूळ असल्याचं कुणी सांगितलंय का. दिवसभर उभे कसे राहता, ते करून दाखवा. मास्तरांनी हवेत कात्री धरून दाखवली. तिने ते गंभीरपणे पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

वीस मिनिटं झाली तरी तिने अंगाला हात लावला नव्हता. मास्तरांच्या मनात आलं, आपण एवढ्या वेळात दोन डोकी आणि चार माना उरकल्या असत्या.

मग तिने त्यांना उभं केलं, चालायला लावलं, जमेल तेवढं वाकायला लावलं. गुडघ्यावर छोट्या हातोडीने टिचकी मारली. आडवं झोपवून एकेक पाय उचलला. पायाच्या अंगठ्याने तिचा हात ढकलायला सांगितलं. बायकोने आणलेला जुना एक्सरे तिने उजेडात धरून पाहिला आणि बाजूला ठेवला.

"नवा काढायचा का?" बायकोने विचारलं.

"आत्ता गरज नाही. नस दबल्याची किंवा हाडाला इजा झाल्याची खूण दिसत नाही. कंबरेचे स्नायू आखडलेत आणि सांधे जखडलेत. असं दुखणं पुष्कळदा आपलं आपण काही आठवड्यांत बरं होतं. उपचाराने ते लवकर हलकं होऊ शकतं, पण जादू नाही. पाच-सहा वेळा या. फरक पडला नाही तर मी उगाच ओढत बसणार नाही, दुसरा रस्ता बघू."

काय करणार, कसं करणार, त्याने कुठे दुखू शकतं, हे सगळं तिने सांगितलं आणि एका कागदावर सही घेतली. "सही केलीत म्हणजे बांधले गेलात असं नाही. मधेच 'थांबा' म्हणालात की मी थांबणार."

मास्तरांना तिने कुशीवर वळवलं, वरचा पाय गुडघ्यात वाकवून घेतला, एक हात खांद्यावर ठेवला, दुसरा कंबरेखाली. "श्वास सोडा." आणि एक छोटासा, नेमका झटका. कट्.

तो आवाज मास्तरांनी आयुष्यात हजारो वेळा ऐकला होता. स्वतःच्या अंगातून तो पहिल्यांदाच आला.

"बसलं हाड?" त्यांनी विचारलं.

"हाड जागचं हललंच नव्हतं, तर बसेल कुठून? सांध्यात थोडं पाणी असतं. सांधा ताणला गेला की त्यात वायूचा बुडबुडा होतो, त्याचा आवाज. आवाज आला म्हणजे काम झालं असं नाही, आणि नाही आला तर बिघडलं असंही नाही."

हे मास्तरांना कंबरेपेक्षा जास्त लागलं. एकतीस वर्षं ज्याच्यावर नाव कमावलं तो आवाज म्हणजे बुडबुडा!

मानही तपासून झाली. ती उजवीकडे बरीच वळत होती, डावीकडे भिंतीला लागल्यासारखी थांबत होती. मास्तरांनी स्वतःच हनुवटी पुढे केली. "द्या खटका."

"मानेला आज झटका नको," डॉक्टर म्हणाली. "हलक्या हाताने दाबून, ताणून काम होण्यासारखं आहे. मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या नळ्या जातात. मान झटक्याने फिरवल्यावर त्या नळीला इजा होणं फार क्वचित घडतं, पण घडलं तर अर्धांगवायूपर्यंत जाऊ शकतं. म्हणून मी आधी सतरा प्रश्न विचारते. शंका असेल तर हात लावत नाही. आणि पेशंटला नको असेल तर विषयच संपला."

मास्तरांची नजर छतावरच्या पंख्यावर खिळली होती. मग ते म्हणाले, "डॉक्टर, मीही करतो ते. रोज. सगळ्यांना."

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "माझ्या खिडकीतून तुमचा आरसा दिसतो."

मास्तर उठायला गेले आणि कळवळून परत पडले. "मग बोलला का नाहीत?"

"नुकती आलेय मी इथे. आल्या आल्या समोरच्या दुकानात जाऊन शिकवायला लागले असते तर तुम्ही मला पायरी तरी चढू दिली असती का?"

"नसती," मास्तरांनी कबूल केलं.

"तुमचे हात चांगले असणार. एवढी माणसं उगाच येत नाहीत. फक्त त्या हातांना आत काय चाललंय ते दिसत नाही. माझ्याही हातांना दिसत नाही, म्हणून तर मी विचारते."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं अंग ठणकत होतं. मास्तर उखडले. "बघितलंस? होतं त्यात भर घालून ठेवली!" बायकोने शांतपणे फ्रीजला लावलेला कागद दाखवला. एकदोन दिवस अंग दुखू शकतं, घाबरू नका; दुखणं वाढत गेलं, पायात मुंग्या किंवा कमजोरी आली तर लगेच फोन करा. तिने ते ठळक अक्षरांत लिहून चिकटवलं होतं. खाली तीन व्यायामांची चित्रं होती. काढताना तिने मास्तरांना चुकून टक्कल दाखवलं होतं, त्यावरून त्यांचा थोडा वाद झाला. तिसऱ्या दिवशी ते आधाराशिवाय अंथरुणातून उठले. आठवडाभराने दुकान उघडलं.

दुकान उघडण्याआधी एक काम मात्र झालं. डॉक्टरने बजावलं होतं की मी कितीही दाबलं तरी तुम्ही परत त्याच खुर्चीपाशी वाकणार असाल तर सगळं पाण्यात. मिस्त्री आला, त्याने दांड्यातला गंज काढला, तेल सोडलं आणि पंधरा मिनिटांत खुर्ची वरखाली होऊ लागली. बारा वर्षं ज्याच्यासाठी पाठ झिजवली ते काम पंधरा मिनिटांचं निघालं. मास्तरांनी ती चारदा वर केली, चारदा खाली केली आणि कुणाला दिसणार नाही असा कपाळावर हात मारून घेतला.

मंगळवारी सर आले. दाढी झाली, तोंड पुसून झालं. सरांनी सवयीने डोळे मिटले, मान सैल सोडली. काहीच झालं नाही. त्यांनी एक डोळा उघडला.

"सर, एक विचारू? रक्त पातळ करायची गोळी घेता का तुम्ही?"

"घेतो की. दोन वर्षं झाली. हे काय मधेच?"

"आणि चक्कर?"

सर जरा घुटमळले. "गेल्या आठवड्यात दोनदा आली. कपाटातून नकाशांची गुंडाळी काढायला वर बघितलं तेव्हा. वय झालं, मास्तर. होतं तसं."

मास्तरांनी हात मागे घेतले. "मग मी नाही देणार खटका. आधी डॉक्टरांना दाखवा."

"एकतीस वर्षं देताय!"

"एकतीस वर्षं विचारलं नाही, ही माझी चूक झाली."

सरांचा चेहरा वर्गात उलट उत्तर मिळाल्यासारखा झाला. ते उठले, छत्री घेतली आणि निघून गेले. पुढच्या मंगळवारी आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. कोपऱ्यावरच्या नव्या एसी सलूनमधून बाहेर पडताना ते मास्तरांना लांबून दिसले. मास्तरांनी वस्तरा पुसता पुसता मान फिरवली. त्यांना खूप वाईट वाटलं. खटका बंद झाल्यावर आणखीही पाचसात गिऱ्हाइकं कुरकुरली होती, दोघं तर गेलीच. पण त्यांचं एवढं काही वाटलं नव्हतं.

सर ग्रंथालयात मात्र येत होते. बायकोने तिथे त्यांना गाठलं. "सर, रागवायचं तर खुशाल रागवा, पण चकरेचं दाखवलंत का?" दाखवलं नव्हतं. तिने त्यांचं पुस्तक हातात धरून ठेवलं. "डॉक्टरकडे जाऊन या, मग शिक्का मारते."

सर त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. तपासण्या झाल्या. रक्तदाबाची गोळी त्यांना जास्त होत होती. ती निम्मी केल्यावर चक्कर थांबली. डॉक्टरांनी हेही सांगितलं की या वयात, या औषधांवर, कुणाकडूनही मान झटकून घेऊ नका.

महिन्याभराने एका मंगळवारी सर दुकानात येऊन बसले. पेपर उघडला. बराच वेळ वाचल्यासारखं केलं.

"त्या एसीवाल्याने कानावरचे केस तसेच ठेवले," ते पेपरमागून म्हणाले. "चष्मा घातला की गुदगुल्या होतात."

"बसा," मास्तर म्हणाले. त्यांनी खुर्ची दोन इंच वर घेतली. कानावरचे केस काढले, दाढी केली. शेवटी गरम पाण्यात पिळलेला टॉवेल सरांच्या मानेवर ठेवला आणि दोन्ही खांदे अंगठ्यांनी सावकाश दाबले. सरांनी डोळे मिटले. "आहाहा" आलं नाही, पण एक लांब "हं" आला. मास्तरांना तेवढा पुरला.

हळूहळू एक गंमत झाली. समोरच्या जिन्यापाशी येऊन पाटीकडे बघत घुटमळणारी माणसं चौकशीला मास्तरांच्या दुकानात शिरू लागली. मान मोडतात का हो तिथे? फार दुखतं का? मास्तर कात्री न थांबवता सांगायचे, "पहिल्या दिवशी अर्धा वेळ बोलण्यातच जातो, तयारीने जा. गोळ्यांची चिठ्ठी न्या. लाजून काही लपवू नका, मलाही काय काय सांगावं लागलं ते माझं मला माहीत. किती वेळा यावं लागेल ते विचारून घ्या. झटका नको असेल तर नको म्हणा, दुसरी पद्धत असते. आणि कुणी वर्षभराचं पॅकेज एकदम गळ्यात मारायला लागलं, तर ते कुठलंही दुकान असो, उठून या."

एकदा बेकरीवाला पाठ धरून वर गेला आणि दहा मिनिटांत खाली आला. "हातच लावला नाही हो बाईंनी! रोज रात्री ताप येतो म्हटल्यावर हॉस्पिटलात जायला सांगितलं."

"मग इथे काय उभे आहात?" मास्तर म्हणाले आणि केस अर्धे कापलेलं गिऱ्हाईक तसंच सोडून त्याला रिक्षात बसवून आले. मूत्रपिंडात जंतुसंसर्ग झाला होता. औषधं घेऊन तो दोन आठवड्यांत भट्टीवर परतला.

मास्तरांच्या स्वतःच्या फेऱ्या सहा झाल्या. सहाव्या वेळी डॉक्टर म्हणाली, "आता येऊ नका. दुखलं तर या. व्यायाम सोडलात तर मात्र मला खिडकीतून दिसेल."

म्हणून दुपारी जेवण झालं की मास्तर दुकानाचं दार लोटतात, फरशीवर सतरंजी पसरतात आणि आडवे होतात. कंबर आता क्वचित कुरकुरते. मान डावीकडे पूर्वीपेक्षा बरीच वळते, अगदी पूर्ण नाही. असेच एकदा सर दार ढकलून आत आले, मास्तरांना जमिनीवर पाय उचललेले पाहून त्यांनी छत्री कोपऱ्यात ठेवली आणि खुर्ची त्यांच्याकडे फिरवून बसले. तेव्हापासून रोज तेच मोजतात.

"सात. आठ. नऊ... मास्तर, गुडघा वाकला. पुन्हा एकपासून."

"सर, नऊ झाले होते."

"माझ्या वर्गात असे नऊ धरत नाहीत."

मास्तर हसले, गुडघा सरळ केला आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.